आबांनी म्हातारं केलेलं घर

माझी शाळा दारूच्या गुत्त्यात भरायची. लग्नानंतर सासरी हे मी एकदा सहज बोलून गेले, तर सासूबाई हातातलं तांदळाचं ताट खाली ठेवून माझ्याकडे बघतच राहिल्या. मुंबईत वाढलेली पोर, काय काय बघून आली असेल देव जाणे, असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसलं. मी मग पुढचं काही सांगितलं नाही. आता त्याही नाहीत आणि मला कुणाचा धाकही उरलेला नाही, म्हणून सगळं सांगते.

खरं म्हणजे गुत्ता हा शब्द त्या जागेला शोभत नाही. आबा, म्हणजे माझे वडील, तिला 'सायबाचं घर' म्हणायचे. घाटकोपर आणि विक्रोळीच्या मधे, आग्रा रोडला लागून ती इमारत होती. आजूबाजूला भातखाचरं, पलीकडे खाडीच्या अंगाला तिवरांची झाडी, आणि मधेच ही परक्या मुलखातली बैठी वास्तू. पांढऱ्या भिंती, त्यांवर आडव्यातिडव्या काळ्या लाकडांच्या पट्ट्या. छप्पर उतरत इतकं खाली आलेलं की उंच माणसाने हात वर केला तर कौलाला लागावा. दार असं ठेंगणं की आमच्या बाई, ज्या काही फार उंच नव्हत्या, त्याही वाकून आत यायच्या. खिडक्यांना शंकरपाळ्याच्या आकाराच्या बारक्या काचा, शिशाच्या पट्ट्यांनी एकमेकींना जोडलेल्या. त्यांतून बाहेरचा रस्ता हिरवट आणि थोडा वाकडा दिसायचा.

ती बांधली एका इंग्रज साहेबाने. जवळच्या कुठल्याशा कारखान्याचा तो मॅनेजर होता. विलायतेत त्याच्या गावी बिअर पिण्याची एक जागा होती, म्हणे तीनशे वर्षांची. गावातले शेतकरी, लोहार, पाद्री, सगळे संध्याकाळी तिथे जमायचे, आपल्याकडे माणसं देवळाच्या पारावर बसतात तसे. साहेबाला इथे येऊन बरीच वर्षं झाली होती, परत जाणं काही जमत नव्हतं. मग त्याने ठरवलं, आपण जाऊ शकत नाही तर ते घरच इथे उभं करायचं. मला आता त्याची कीव येते. तेव्हा गोष्ट ऐकताना हसू यायचं.

आबा मालवणकडचे. ऐन पंचविशीत मुंबईला आलेले, हातात हत्यारांची पेटी आणि दुसरं काही नाही. साहेबाने त्यांना कामावर घेतलं. त्याच्याकडे त्या गावच्या घराचे चार फोटो होते आणि एक तुळई होती. खरीखुरी. मूळ घराची एक बाजू कधीतरी दुरुस्त करताना काढलेली जुनी तुळई त्याने बोटीतून मागवली होती. ओक नावाचं तिकडचं लाकूड, काळंकुट्ट, मधे पोटाला किंचित झुकलेलं, कडा झिजून गोल झालेल्या, अंगभर घुणाच्या किड्याने पाडलेली भोकं. साहेब म्हणाला, दिवाणखान्याला सात तुळया लागतील. एक ही. बाकी सहा हिच्यासारख्या कर.

आबांनी उत्तम सागवान आणलं, सरळसोट, एकही गाठ नसलेलं. आणि मग ते बिघडवायला बसले. वाकसाने तासून तासून कडा बोथट केल्या. लोखंडी साखळीने बडवून खड्डे पाडले. टोकदार आरीने टोचून एकेक भोक पाडलं, घुणाने पाडावं तसं, कुठे दाट, कुठे विरळ. वरून काजळी आणि तेल चोळलं. पाथरवटाकडून दाराची पायरी मधोमध झिजवून घेतली, तीनशे वर्षं माणसं चढली-उतरली असावीत अशी. भिंतीला एके ठिकाणी मुद्दाम पोट आणलं. आबा सांगायचे, पहिले आठ दिवस त्यांना जेवण गेलं नाही. चांगलं लाकूड खराब करायचं म्हणजे सुताराच्या जातीला पाप वाटतं. मग हळूहळू गंमत वाटायला लागली, आणि शेवटी तर असा हट्ट आला की ओळखू येता कामा नये.

काम झाल्यावर साहेबाने सातही तुळया अंगणात शेजारी शेजारी ठेवायला लावल्या. स्वतः पाठ फिरवून उभा राहिला आणि हमालांना म्हणाला, जागा बदला. मग वळून बघू लागला. तीन फेऱ्या मारल्या, वाकून बघितलं, आणि त्याला आपल्या गावची तुळई ओळखता आली नाही. आबांना वाटलं, आता ओरडतो. तर साहेब डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला आणि म्हणाला, कुणी ओळखायची नाही, अशाच चढवा. तशाच चढवल्या. गोष्टीचा हा भाग आबा उभं राहून सांगायचे. आयुष्यभर त्यांनी खाटा, चौरंग, चाळींची दारं आणि खोकी केली, पण अख्खं घर म्हणावं असं हे एकच. त्यात दारू पितात म्हणून आई नाक मुरडायची. आबा स्वतः कधी एक थेंब प्यायले नाहीत आणि दरवाजातून आत बसायलाही कधी गेले नाहीत. ते रस्त्यावरून जाताना मान वर करून छपराकडे बघून घ्यायचे, बस्स.

साहेब पुढे इथेच वारला. दारूबंदी आली आणि ती जागा बंद झाली. वर्षभर कुलूप होतं. मग आमच्या बाईंनी मालकाच्या मागे लागून ती मुलींच्या मराठी शाळेसाठी मिळवली. बाई म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, शाळेतल्या तिघी शिक्षिकांपैकी एक. बालविधवा, पांढरं लुगडं, आवाज असा खणखणीत की रस्त्यावरचा बैलगाडीवाला दचकावा. त्यांनी पहिल्यांदा काय केलं असेल, तर चुन्याचे दोन हात मारून घेतले. भिंतींना आणि तुळयांनाही. काळं लाकूड शाळेत अशुभ दिसतं म्हणे. आबांना हे कळलं त्या दिवशी त्यांनी रंधा हातात घेतला नाही.

पेले मांडायच्या लांबलचक लाकडी ओट्याचं बाईंचं टेबल झालं. भिंतीत एक प्रचंड चूल होती, थंडीत शेकायची, तिच्या आत दोन्ही बाजूंना बसायला दगडी बाकं. घाटकोपरात शेकायचं कुणी? तिथे पहिलीच्या मुली बसायच्या. त्यांना वाटायचं शाळा म्हटली की अशीच असते. पाचवीचा वर्ग दिवाणखान्याच्या मध्यावर. मी पाचवीत होते.

मला काय हवं होतं ते इथेच सांगते. मला सातवीची परीक्षा द्यायची होती. सातवी पास झालीस की मी तुला इथेच शिकवायला घेते, असं बाई म्हणाल्या होत्या. त्या कुणालाही उगाच काही म्हणायच्या नाहीत. माझ्या दोघी चुलतबहिणी चौथीतूनच घरी बसल्या होत्या. आमच्या घरात एक मुलगी खडू हातात घेऊन फळ्यापुढे उभी राहणार, हे मी इतक्यांदा मनात बघितलं होतं की ते झाल्यातच जमा होतं.

पाचवीचं वर्ष संपत आलं असताना एक दिवस गिलाव्याचा एक तुकडा पडला. कुणाला लागला नाही, पण कुणा पालकाने अर्ज केला, आणि कचेरीतून इंजिनियर आला. तरुण होता, आपलाच मराठी माणूस, बरोबर एक शिपाई. आला, दाराला डोकं आपटून घेतलं, आणि तिथपासूनच त्याचं मन त्या घराविषयी वाईट झालं असावं. झिजलेली पायरी बघितली, भिंतीला आलेलं पोट बघितलं, मान वर करून तुळयांकडे बघितलं आणि चुकचुकला.

"बाई, दीडशे वर्षांची तरी इमारत असेल ही. तुम्ही मुली बसवता इथे?"

बाईंनी मला घरी पिटाळलं. जा, वडिलांना बोलावून आण, मिस्त्री आहेत, त्यांना समजेल काय करायचं ते. मी धावत गेले. आबा हातातला रंधा ठेवून तसेच आले, अंगावर भुसा होता. त्या घरात ते शाळा झाल्यापासून पहिल्यांदाच येत होते.

इंजिनियर काही वाईट माणूस नव्हता. हे मला पुष्कळ वर्षं मान्य नव्हतं, आता आहे. तो आबांना नीट म्हणाला, "मिस्त्री, हे बघा. प्रत्येक तुळईला मधे एक भक्कम टेकू द्या. मी दोन वर्षांची मुदत लिहून देतो. तोपर्यंत बाई दुसरी जागा बघतील."

"झालं तर मग," बाई म्हणाल्या. "उद्याच लाकूड आणू या."

दोन वर्षं. मी बाकावर बसल्या बसल्या बोटांवर मोजलं. सहावी, सातवी. बरोबर बसत होतं. मला इतका आनंद झाला की शेजारणीला मी चिमटा काढला.

पण आबा वर बघत होते. "टेकू कोणाला? ह्यांना?" ते म्हणाले. "साहेब, ह्या तुळया मी बसवल्यात. तीस वर्षं पण झाली नाहीत. अस्सल सागवान आहे. तुमच्या-माझ्या नातवंडांना पुरून उरतील."

"थट्टा करू नका मिस्त्री. घुणाची भोकं चुन्यातूनसुद्धा दिसतायत."

"ती भोकं माझी आहेत. आरीने पाडलेली."

"भोकं पाडलीत? कशासाठी?"

"साहेबाला पाहिजे होती."

शिपाई फिस्सकन हसला. मग मागच्या बाकावरून कुणीतरी हसलं, आणि मग सगळ्याच. आबांचा चेहरा लाल झाला. पोरींच्या हसण्याची इतकी लाज मला कधी वाटली नव्हती, आणि त्या क्षणी मला दोन वर्षं, सातवी, काही काही आठवत नव्हतं. आबा खरं बोलतायत हे त्या सगळ्यांना दिसायला हवं, एवढंच हवं होतं.

बाई हळूच म्हणाल्या, "अहो, जाऊ द्या ना. देऊ टेकू. कुणाचं काय जातंय?"

"नाही बाई. धडधाकट माणसाच्या काखेत कुबडी कशाला द्यायची?" आणि इंजिनियरकडे वळून, "गिरमिट मारून बघा. भोक पाडून बघा आत काय आहे ते. कुठली पण दाखवा."

कुठली पण. ज्या गोष्टीला मी आत्तापर्यंत हसत असे, तिच्यातल्या सात तुळयांपैकी एक परकी होती, आणि ते आबांना माहीत होतं. पण त्यांना स्वतःच्या हाताची खात्री होती. साहेबाला ओळखू आली नसेल, आपल्याला स्पर्शाने कळेल, असं त्यांना वाटत होतं. आणि इतक्या लोकांसमोर 'ती एक सोडून' म्हणायचं म्हणजे पळवाट काढल्यासारखं दिसलं असतं. ते मी समजू शकते.

इंजिनियरने मधली दाखवली. आमच्या वर्गाच्या डोक्यावरची.

आबा बाकावर चढले. तुळईवर तळहात ठेवला आणि हळूहळू फिरवला, बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा. नखाने थोडा चुना खरवडला. मग ते म्हणाले, "ही माझीच."

मला माहीत होतं की ती त्यांची नाही. म्हणजे, माहीत होतं असं म्हणता येईल की नाही याचा मी पन्नास वर्षं विचार करते आहे. त्या तुळईखाली मी रोज बसत होते. रोज सकाळी माझ्या वहीवर पिवळसर बारीक पीठ पडलेलं असायचं आणि मी ते फुंकर मारून उडवायची. खिडकीजवळच्या मुलींच्या वह्यांवर पडत नसे. हे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण त्यात सांगण्यासारखं काय होतं? पण आबांचा हात वर फिरत असताना मला ते पीठ आठवलं. सुताराची मुलगी होते मी, घूण लागलेल्या लाकडातून पीठ गळतं हे मला दूध सोडल्यापासून ठाऊक. जिभेच्या टोकावर आलं होतं. पण आबा म्हणाले, ही माझीच. आणि मला वाटलं, ते म्हणतात म्हणजे असेल. शिवाय चारचौघांत बापाचं बोलणं मुलीने खोडायचं, तेही त्या हसणाऱ्या पोरींपुढे? मी गप्प बसले.

गिरमिट पहिलं बोटभर कुरकुरत गेलं. आबांनी माझ्याकडे बघितलं आणि किंचित हसले. मग एकाएकी ते आत गेलं, भिजल्या पिठात बोट जावं तसं. पिवळा भुगा भळाभळा त्यांच्या तोंडावर, मिश्यांवर, खाली बाकावर पडायला लागला. ते फिरवतच राहिले. मूठ तुळईला टेकेपर्यंत फिरवत राहिले.

"उतरा मिस्त्री," इंजिनियर म्हणाला.

"साहेब, ही ती नव्हे. ही विलायतेची असणार. एक होती त्यातली. दुसरी बघा, कुठली पण दुसरी बघा."

"आत्ता तर म्हणालात, ही माझीच."

आबा गिरमिट उपसून खाली उतरले. बाईंनी विचारलं, मग टेकू? निदान टेकू तरी? इंजिनियरने मान हलवली. "आधी दिला असता. आता आत काय आहे ते मी डोळ्यांनी बघितलंय. लहान मुली आहेत बाई. माझ्या भाच्या असत्या तरी मी हेच केलं असतं." तो कागदावर लिहायला लागला. एकही मुलगी हसली नाही.

आठ दिवसांत शाळा बंद झाली. बाईंनी जागेसाठी जंगजंग पछाडलं, शेवटी त्या मालाडला भावाकडे गेल्या. निघण्याआधी मला त्यांनी त्यांचं व्याकरणाचं पुस्तक दिलं. दुसरी मुलींची शाळा रेल्वेच्या रुळांपलीकडे होती. आईने माझा एका वाक्यात निकाल लावला, "चेडवाक रुळापलीकडे धाडूचा नाय." आबा चुलीपाशी बसले होते. त्यांनी मान वर केली नाही. मी त्यांच्याकडे बघत होते. ते बोलले असते तर आईने ऐकलं असतं. पण त्या दिवसांत ते कशावरच बोलत नव्हते, त्यांच्या डोक्यात ती तुळई होती. मी धाकट्या भावाला कडेवर घेतलं आणि तिथून माझं मोठेपण सुरू झालं.

दिवाळीनंतर घर पाडायला घेतलं. आबा रोज जाऊन समोर उभे राहायचे. आई म्हणायची, मयताला गेल्यासारखे काय जाता. तुळया उतरवायच्या दिवशी ते मला म्हणाले, चल गो. मी गेले.

कौलं आधीच निघाली होती. आत ऊन पडलं होतं, आणि बाईंच्या टेबलाचा ओटा उघड्यावर आला होता. पहिली तुळई उतरवायला आठ माणसं लागली. मुकादमाने टोक कापून बघितलं तर आत लालसर, तेलकट चमक असलेलं सागवान, अंगणभर वास सुटला. त्याने खुशीत शिवी हासडली. दुसरी तशीच. तिसरी तशीच. मजुरांची करवत बोथट झाली. आबा प्रत्येक तुळईपाशी जात, टोकाला हात लावत आणि बाजूला होत. ती विलायतेची मात्र दोर बांधून खाली घेताना स्वतःच्याच वजनाने मधे मोडली आणि धुळीचा लोट उठला.

आबांनी तिचा एक तुकडा उचलला आणि स्वतःच्या तुळईजवळ नेऊन धरला. "बघ," मला म्हणाले. "माझी भोका सरळ आसत. किड्याची तिरकी जातत. इतकोच फरक." ते पुन्हा पुन्हा बघत होते. चुन्याचे दोन हात नसते तर कळलं असतं, असं ते स्वतःशी बोलत होते, आणि मला वाटलं, आता सांगितलंच पाहिजे. मी सांगितलं. वहीवरचं पीठ, रोजचं, फक्त आमच्याच बाकावरचं. सगळं.

मला वाटलं, मारतील. त्यांनी हातातला तुकडा खाली ठेवला. मग विचारलं, "तेव्हा कित्याक गो बोललंस नाय?"

"तुम्ही म्हणालात, ही माझीच."

ते त्या मोडक्या तुकड्यावर खाली बसले. मजूर त्यांना चुकवून जात-येत होते. मग ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "तो टेकू देतंय म्हणत होतो. दोन वरसा देतंय म्हणत होतो. तुझी शाळा राखूची होती गो. मी माझी लाकडा राखत बसलंय."

हे त्यांना त्या दिवशी, त्या जागी, पहिल्यांदाच सुचलं होतं. त्यांच्या आवाजावरून ते कळत होतं. ते मग थांबले. मी काहीतरी म्हणावं म्हणून थांबले होते, असू दे आबा, एवढंच. मला ते तीन शब्द येत होते. मी अकरा वर्षांची होते, माझी शाळा समोर मोडून पडली होती, आणि मला त्यांचा राग आला होता. मी म्हणाले नाही. पुढे ते सतरा वर्षं जगले, मी नंतरही म्हणाले नाही.